रान थकलेलं नाही, भिंत कच्ची राहिली आहे

पत्र:

ताई, नमस्कार. जुन्नर तालुक्यात आमचं 30 गुंठे मुरमाड, हलकं रान आहे. मालक पिकअप चालवतात, शेती मी आणि सासूबाई बघतो. गणपतीनंतर 12 गुंठ्यांत फ्लॉवर लावला, महिनाभराने उरलेल्या 18 गुंठ्यांत. पहिला फ्लॉवर आता 60 दिवसांचा आहे. गड्डा हातात घेतला की हलका लागतो. दांडा कापला तर आत पोकळ, कडेने तपकिरी आणि पाणचट. काही गड्ड्यांवर तांबूस डाग आहेत. आडत्याने अर्धे क्रेट परत पाठवले. दुकानदाराने बोरॉन दिलं, लिटरला एक ग्रॅमने दोनदा मारलं, फरक नाही. आता धाकटे दीर म्हणतात, दुप्पट मारू, शिवाय मिक्स मायक्रोन्यूट्रिएंट आणि कॅल्शियमही टाकू. सासूबाई म्हणतात रान थकलं. पण याच रानात पावसाळ्यात बाजरी कमरेच्या वर गेली होती, मग थकलं कसं? माझी पुतणी बारावी सायन्सला आहे. तिला विचारलं, बोरॉन नेमकं करतं काय, तर म्हणाली पुस्तकात एक ओळ आहे, त्यातून काही कळत नाही. हा माल सुधारेल का? नाही तर काय करू?

– एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एवढं नीट निरीक्षण लिहून पाठवलंत की निम्मं काम तिथेच झालं. आधी तातडीचं सांगते, कारण त्यात दिवस मोडून चालणार नाही.

पहिल्या 12 गुंठ्यांतले पोकळ झालेले दांडे भरून येणार नाहीत. कितीही मारलं तरी नाही. दुप्पट मात्रा मारू नका, दीरांना हे पत्र वाचून दाखवा. दुसरा 18 गुंठ्यांचा फ्लॉवर मात्र वाचू शकतो. तो साधारण महिन्याभराचा आहे, त्याचा गड्डा अजून धरायचा आहे. हाती असलेला वेळ आणि पैसा त्याच्यावर घाला.

आता कारण. तुमच्या फ्लॉवरला बोरॉन, म्हणजे झाडाला अगदी थोडं पण हमखास लागणारं एक अन्नद्रव्य, वेळेवर मिळालं नाही. हे सांगायला थोडं लांबण लागेल, पण कारण कळल्याशिवाय पुढच्या वर्षी पुन्हा दुकानदाराच्याच शब्दावर फवारणी होईल, आणि ते मला नको आहे.

तुमच्या भागात जुन्या घरांना कारवीचा कूड असायचा. अजूनही डोंगराकडच्या गोठ्यांना, माळवदाच्या मागच्या खोल्यांना दिसतो. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, वरून शेणमातीचं लिंपण. सासूबाईंनी हे हाताने केलं असेल, त्यांना विचारा: लिंपणाच्या मातीत भुस्सा किंवा तूस का मळतात? त्या सांगतील, नाही मळला तर लिंपण फुगतं, भेगाळतं आणि पोपडे धरून सुटतं. माती तीच, काठ्या त्याच, पण मातीला माती धरून ठेवणारं काही नसतं.

झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती अशीच एक भिंत असते. काठ्यांच्या जागी सेल्युलोजचे धागे. त्यांना गुंडाळणारे, एकमेकांशी जोडणारे दुसरे धागे. आणि या सगळ्यात भरलेलं लिंपण म्हणजे पेक्टिन, तेच, ज्यामुळे पेरूची जेली घट्ट होते. वाढत्या पेशीची ही भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. आणि तिला आतून रेटणारा पाण्याचा दाब मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त असतो. या दाबानेच पेशी ताणली जाते, मोठी होते, कोंब वर येतो. म्हणजे भिंतीला एकाच वेळी दोन कामं करायची असतात: सैल होऊन वाढू द्यायचं, आणि फुटूही द्यायचं नाही.

या लिंपणातला भुस्सा म्हणजे बोरॉन. पेक्टिनमध्ये एक छोटा पण फार गुंतागुंतीचा भाग असतो. त्याचं नाव ऱ्हॅम्नोगॅलॅक्ट्युरोनन-दोन. नाव अवघड आहे, पण पुतणीसाठी लिहून ठेवा. तो डझनभर वेगवेगळ्या साखरांचा बनलेला असतो. पेक्टिनच्या दोन साखळ्यांवरचे असे दोन भाग समोरासमोर आले की बोरॉनचा एक अणू त्यांच्यामध्ये बसतो आणि दोघांना गाठ मारतो. एक अणू, एक गाठ. अशा असंख्य गाठींनी लिंपण एकसंध राहतं. झाडातलं बहुतेक बोरॉन याच कामाला लागलेलं असतं, आणि बोरॉन कमी पडलं की उरलंसुरलं जवळजवळ सगळं भिंतीतच सापडतं.

ही गोष्ट माणसाला उशिरा कळली. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी 1923 साली दाखवून दिलं की बोरॉन नसेल तर बाकला घेवड्याचं झाड वाढ पुरी करूच शकत नाही. म्हणजे बोरॉन लागतं हे कळलं. ते कशाला लागतं, हे कळायला 1996 साल उजाडलं. तेव्हा पेक्टिनमधली ही बोरॉनची गाठ वेगळी काढून दाखवली गेली. मधली 73 वर्षं शेतकरी बोरॅक्स, म्हणजे बोरॉन असलेला क्षार, टाकत होते, पीक सुधारत होतं, आणि का सुधारतंय ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. तुमच्या पुतणीच्या पुस्तकात एकच ओळ आहे याचं मला वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही.

आता तुमचा दांडा. फ्लॉवरच्या दांड्याच्या मधला गाभा फार झपाट्याने वाढतो. तिथल्या नव्या पेशींना भिंती बांधायला बोरॉन मिळालं नाही की लिंपण तयार होतं, पण गाठी पडत नाहीत. अशी भिंत पातळ होत असेल असं वाटतं ना? उलट होतं. ती फुगते, जाड होते, भिंतीतली छिद्रं मोठी होतात आणि ती ठिसूळ बनते. जाड पण कच्ची. आतला दाब वाढला की पेशी फाटतात, बसतात आणि गाभ्यात पोकळी पडते. फाटलेल्या पेशींतून जो रस बाहेर येतो, तो हवेशी लागून तपकिरी पडतो, कापलेलं वांगं काळं पडतं तसा. गड्ड्यावरचे तांबूस डाग त्याच जातीचे. असा गड्डा शिजवला तर कडवट लागतो, म्हणून आडत्या परत पाठवतो. तो तुमची अडवणूक करत नाहीये.

इथे एक खात्री करून घ्या. फ्लॉवरचा दांडा युरिया जास्त झाल्यानेही पोकळ होतो. झाड भराभर वाढतं आणि गाभा मागे राहतो. पण ती पोकळी आतून पांढरी, कोरडी, स्वच्छ असते. तुमची पाणचट आणि तपकिरी आहे, म्हणून माझा रोख बोरॉनवर आहे. तरी रानाच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक झाड घ्या, दांडा उभा चिरा आणि बघा. पाचही सारखेच तपकिरी दिसले तर शंका उरणार नाही. दोन स्वच्छ आणि तीन तपकिरी निघाले, तर युरियाचाही हात आहे असं समजा आणि दुसऱ्या प्लॉटला पुढचा हप्ता हलका द्या.

बाजरीचा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. फार जण तो विचारत नाहीत. रान थकलं असतं तर बाजरी कमरेवर गेली नसती, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण बाजरीची भिंत वेगळ्या बांधणीची असते. बाजरी, ज्वारी, मका, ऊस, भात, गहू ही सगळी गवताच्या कुळातली. त्यांच्या पेशीभित्तिकेत पेक्टिन थोडंच, आणि तो गाठ पडणारा भाग तर फारच कमी. लिंपण कमी, म्हणून भुस्साही कमी. फ्लॉवर, कोबी, मुळा, बीट, सूर्यफूल, पपई यांच्या भिंती पेक्टिनने भरलेल्या असतात, आणि बोरॉनची भूक गवतवर्गाच्या कितीतरी पट. ज्या रानातल्या बोरॉनवर बाजरी सुखाने वाढते, त्याच रानात फ्लॉवर उपाशी राहतो. रान तेच आहे ताई. यंदा त्याच्याकडे मागायला आलेला पाहुणा खाणारा होता.

त्यात यंदाचा पाऊस. बोरॉन मातीत बोरिक आम्लाच्या रूपात फिरतं आणि त्यावर विद्युतभार नसतो, म्हणून मातीचे कण त्याला पोटॅशसारखं धरून ठेवत नाहीत. मुरमाड रानातून ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जातं. मग पाऊस थांबतो, वरची माती सुकते, आणि उरलंसुरलं जे वरच्या थरात सेंद्रिय पदार्थाला धरून आहे, ते कोरड्या मातीतून मुळाला उचलता येत नाही. आधी धुऊन गेलं, मग सुकून अडकलं. तुमच्या तालुक्याच्या पूर्वेकडे काळ्या, चुनखडीच्या जमिनी आहेत. तिथे वेगळ्याच कारणाने टंचाई होते, चुना आणि चढा सामू बोरॉनला बांधून ठेवतात. पण तुमचं दुखणं ते नाही.

आता दोन फवारण्या वाया का गेल्या, ते.

बोरॉन एकदा भिंतीत बसलं की बसलं. घराच्या भिंतीतला भुस्सा काढून दुसऱ्या भिंतीला लावता येत नाही, तसंच. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं पिवळी पडतात आणि शेंडा हिरवा राहतो. बोरॉनच्या बाबतीत झाडाला ही सोय जवळजवळ नाही. म्हणून टंचाई नेहमी तिथे दिसते, जिथे आत्ता बांधकाम चालू आहे: शेंडा, मुळाचं टोक, गाभा, कळी, गड्डा. सफरचंद, बदाम, पीच अशी काही झाडं एक खास साखर बनवतात आणि तिच्या आधाराने बोरॉन पानातून फळाकडे नेतात. फ्लॉवर त्यांच्यातला नाही. तुम्ही 60 दिवसांच्या फ्लॉवरच्या बाहेरच्या मोठ्या, मेणचट पानांवर बोरॉन मारलंत. ते तिथेच राहिलं. गड्डा आत झाकलेला होता, त्याला मिळालं नाही. आणि गाभा तर आधीच फाटून गेला होता. औषध बनावट होतं किंवा मात्रा कमी होती, असं मला वाटत नाही. फवारणी उशिरा झाली आणि नको त्या पानावर झाली.

दुसऱ्या प्लॉटबद्दल मी इतक्या भरवशाने का बोलते, त्याला आधार आहे. जपानमध्ये भोपळ्याच्या रोपांवर झालेलं काम 2001 साली प्रसिद्ध झालं. ज्या रोपांना बोरॉन नीट मिळत होतं, त्यांच्या भिंतीत पेक्टिनचे ते भाग 80 टक्क्यांहून जास्त जोडीने गाठ बांधलेले होते. ज्यांचं बोरॉन तोडलं, त्यांच्यात 80 ते 90 टक्के सुटे होते आणि भिंती फुगलेल्या. मग या उपाशी रोपांना बोरिक आम्ल दिलं. 5 तासांत सुट्या साखळ्यांना गाठी पडल्या आणि भिंतीची जाडी चांगल्या रोपांसारखी झाली. 5 तास! म्हणजे झाड लिंपण तयार करून, हात पसरून वाट बघत बसलेलं असतं. जिवंत, वाढत्या पेशीला बोरॉन मिळालं की ती त्याच दिवशी भिंत आवळून घेते. मेलेल्या पेशीला मात्र काहीच करता येत नाही. तुमच्या दोन प्लॉटमध्ये फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे.

त्याच 2001 साली अमेरिकेतून आलेलं आणखी एक काम पुतणीला सांगा, तिला मजा येईल. मोहरीच्या कुळातलं एक छोटं झाड आहे, ॲराबिडॉप्सिस, तुमच्या फ्लॉवरचं लांबचं भावंडच. त्याचा एक बिघडलेला वाण खुजा राहतो. त्याच्या पेक्टिनच्या त्या भागात एक साखर चुकीची बसते, त्यामुळे बोरॉनची गाठ नीट पडत नाही, जेमतेम अर्ध्या गाठी पडतात. त्या झाडाला नेहमीपेक्षा जास्त बोरॉन दिलं, आणि ते सरळ वाढायला लागलं. दोष साखरेचा होता, पण झाड खुजं राहत होतं ते गाठी कमी पडल्याने. वाढ या गाठीवर टांगलेली आहे हे यापेक्षा स्वच्छ कुणी दाखवलेलं माझ्या वाचनात नाही.

पुतणीला हाताने करून बघण्यासारखंही काही आहे. बारावीच्या प्रात्यक्षिकात परागकण काचपट्टीवर रुजवतात ना, सदाफुलीचे वगैरे? त्या द्रावणात साखरेबरोबर चिमूटभर बोरिक आम्ल असतं. ते का, हे प्रयोगवहीत कुणी लिहीत नाही. परागकणातून जी नळी निघते, तिचं टोक म्हणजे जवळजवळ निव्वळ पेक्टिनची ओली भिंत असते. तिला एक पट्टी बोरिक आम्लाची आणि एक बिनबोरिकची करायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही शेजारी ठेवून बघू दे. शेतात बोरॉनअभावी फळधारणा कमी का होते, ते तिला तिथे दिसेल, आणि मग ती तुम्हाला समजावेल.

आता दीरांच्या दुप्पट मात्रेबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण बोरॉनशी असं वागता येत नाही. पुरेसं आणि जास्त यांच्यातलं अंतर बोरॉनइतकं कमी असलेलं दुसरं अन्नद्रव्य क्वचितच असेल. स्वतः झाडसुद्धा याला भिऊन असतं. मुळांमध्ये बोरॉन वर ढकलणारी प्रथिनांची एक यंत्रणा असते. जपानी शास्त्रज्ञांनी ती 2002 साली शोधली. टंचाईत ती जोरात चालते, आणि मातीत बोरॉन वाढलं की झाड ती प्रथिनं स्वतःच मोडून टाकतं. दार बंद करून घेतं. तरीही जास्त झालं, तर ते पाण्याबरोबर पानाच्या कडेला जाऊन साठतं आणि जुन्या पानांच्या कडा करपतात. लक्षात ठेवा: टंचाई नव्या भागावर, अतिरेक जुन्या पानांच्या कडेवर. फ्लॉवर थोडा जास्त डोस सोसेलही. पण तुमच्याकडे फ्लॉवरनंतर फरसबी किंवा घेवडा घ्यायची पद्धत आहे, आणि ही पिकं जास्त बोरॉनला फार नाजूक. आज फ्लॉवरसाठी टाकलेला दुप्पट डोस उन्हाळ्यात घेवड्याची पानं जाळू शकतो.

दुसऱ्या प्लॉटसाठी हे करा. बोरॅक्सची शिफारस फ्लॉवरला हेक्टरी 10 ते 15 किलो, म्हणजे एकरी 4 ते 6 किलो अशी आहे. तुमच्या 18 गुंठ्यांना खालच्या बाजूची मात्रा धरून 2 किलो पुरे. बोरॅक्समध्ये बोरॉन साडेदहा टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे खरं बोरॉन जाणार फक्त पाव किलोच्या आतबाहेर. इतकी कमी वस्तू 18 गुंठ्यांत सारखी पसरणं हेच कसब आहे. चार-पाच पाट्या चाळलेल्या शेणखतात ती चांगली मळा, अगदी लिंपणात भुस्सा मळतात तशी, आणि ओळींच्या मधून पसरा. रोपाच्या बुडाशी मुठीने टाकू नका. हलकी खुरपणी आणि लगेच पाणी. त्यानंतर माती एकदा सुकवून एकदा तुडुंब असं करू नका, ओल सारखी ठेवा. मुळाला बोरॉन पाण्याबरोबरच मिळतं. पाणी तुटलं की तेही तुटलं.

फवारणी यासोबत एकदा आता आणि एकदा गड्डा धरायच्या आधी, म्हणजे साधारण 12 ते 15 दिवसांनी. पाण्यात विरघळणारं 20 टक्के बोरॉन तुमच्याकडे उरलं असेल तर तेच, लिटरला 1 ग्रॅम, 15 लिटरच्या पंपाला 15 ग्रॅम. तोलून घ्या, झाकणाने मोजू नका. फ्लॉवरच्या पानावर पाणी ठरत नाही, म्हणून स्टिकर घाला. आणि नोझल बाहेरच्या पानांवर फिरवण्याऐवजी मधल्या पोंग्यात धरा. जिथे बांधकाम चालू आहे तिथेच माल उतरवायचा. ऊन उतरल्यावर मारा.

मिक्स मायक्रोन्यूट्रिएंटचं पाकीट उलटून बोरॉनचा टक्का वाचा. तो बहुतेक वेळा एक टक्का किंवा त्याहूनही कमी निघेल. तुमच्या दुखण्याला तो पुरणार नाही, आणि बाकीच्याची तुम्हाला आज गरज दिसत नाही. पेशीभित्तिकेशी दुसऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्यांचंही नातं आहे, पण काम वेगळं. तांबं असलेली विकरं (एन्झाइम) भिंतीत लिग्निन चढवतात, म्हणजे लाकूडपणा, कडकपणा. तांबं कमी पडलं की गव्हाचा दांडा लुळा पडतो, आणि परागकोशाची भिंत कडक न झाल्याने तो वेळेवर उकलत नाही, मग ओंबी वांझ राहते. मँगनीज कमी असलं तर मुळांच्या भिंतीत लिग्निन कमी चढतं आणि बुरशीला आत शिरायला सोपं जातं. ही दुखणी दांडा आतून तपकिरी करत नाहीत. गवंडी हवा असताना सुतार आणि रंगारी सगळेच बोलावल्यासारखं ते होईल, आणि पैसे तुमचे जातील.

कॅल्शियमचं थोडं निराळं. ते सूक्ष्म अन्नद्रव्य नाही, पण पेक्टिनला पेक्टिन जोडण्यात त्याचाही मोठा वाटा आहे. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते बहुतेक त्याच्याच अभावाने. तुम्ही माती तपासून घ्या, त्यात कॅल्शियम कमी निघालं तर टाकू. आंधळेपणाने चुना वाढवला तर मातीतलं थोडंफार बोरॉनही बांधलं जाईल.

माती तपासणी हा शब्द वाचून सोडून देऊ नका. नुसतं नत्र-स्फुरद-पालाश करून आणू नका. मृदा आरोग्य पत्रिकेत बोरॉन धरून 12 गोष्टी तपासतात, ते सगळे रकाने भरून मागा. नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्या तालुक्यातच आहे, नमुना कसा काढायचा ते तिथे विचारा. गरम पाण्यात विरघळणारं बोरॉन असा आकडा येईल. तो 0.5 पीपीएमच्या (दहा लाख भागांत अर्धा भाग) खाली असेल तर टंचाई पक्की. नमुना मात्र बोरॅक्स टाकायच्या आधी काढून ठेवा. आज काढा, उद्या बोरॅक्स टाका. अहवालाची वाट बघत दुसऱ्या प्लॉटचे दिवस घालवू नका, 2 किलोच्या मात्रेने धोका नाही. अहवाल घेवड्याच्या आधी हातात आला की पुन्हा बोरॉन द्यायचं की नाही ते त्यावरून ठरवा.

पहिल्या 12 गुंठ्यांत आता खर्च थांबवा. ज्यांचा गड्डा वरून पांढरा स्वच्छ आहे, ते थोडे लहान असतानाच काढून विका. दांडा पोकळ असला तरी गड्डा खायला चांगला असतो, त्यात विषारी काही नाही. वजनाच्या आशेने थांबलात तर डाग वाढतील. आणि आडत्याला आधीच सांगा की दांडा आखूड कापून आणते, पोकळी आहे, गड्डा चांगला आहे. लपवलेलं उघडं पडलं तर पुढच्या वर्षीचा भाव जाईल. डागाळलेले गड्डे काढून तिथेच गाडा.

सासूबाईंना दुखवू नका. रान थकलं असं त्या म्हणतात, त्यात त्यांचा अनुभव आहे. शेणखत कमी पडलेल्या हलक्या रानात सेंद्रिय पदार्थ घटतो आणि बोरॉन धरून ठेवणारी जागाच कमी होते. म्हणजे त्या अगदीच चुकीच्या नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधी शेणखताची एक जादा गाडी या मुरमाड तुकड्याला मिळाली, तर ती त्यांच्याच शब्दाला मान दिल्यासारखी होईल.

बोरॅक्स टाकल्याला 20 दिवस झाले की दुसऱ्या प्लॉटमधलं एक झाड उपटा. वाईट वाटेल, तरी उपटा. दांडा उभा चिरा, उन्हात धरून बघा, आणि शक्य झालं तर फोटोसोबत पुन्हा लिहा. शेजारी पहिल्या प्लॉटमधला दांडाही ठेवा, म्हणजे मला दोन्ही एकत्र बघता येतील.